आईंचा पहिला अख्खा सिनेमा

आमच्या इमारतीची लिफ्ट बोलते. दार उघडं राहिलं की एक बाई गोड आवाजात हिंदीतून दार बंद करायला सांगते, मजला आला की मजल्याचा आकडा सांगते. आम्हा सगळ्यांना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो ऐकूही येत नसे. एका सोमवारी संध्याकाळी मी कामावरून आले, तर समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी मला दारातच गाठलं.

"ताई, राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या सासूबाई दुपारी लिफ्टमध्ये असतात."

"असतात म्हणजे?"

"म्हणजे वर जातात, खाली येतात, परत वर जातात. आज मी आत शिरले तर त्या लिफ्टमधल्या बाईशी बोलत होत्या. ती म्हणाली दरवाजा बंद करा, तर ह्या म्हणतात, 'करते गो बाय, जरा दम धर.' मग तिला विचारलं, 'जेवलीस का?'"

वहिनी हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. मलाही हसू आलं होतं, तेही तोंडातच राहिलं.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, माकुणसारच्या. सगळा जन्म पानवेलीच्या वाडीत गेला. पहाटेपासून पानं खुडायची, दुपारी चारपाच बायका मिळून करंड्या भरायच्या, आणि हात चालू असताना तोंडही चालू. सासरे गेले, वाडी दिरांनी करायला घेतली, त्यांचं बिऱ्हाड केळव्याला. एवढ्या घरात आई एकट्या कशा राहतील, म्हणून आम्ही त्यांना बोईसरला आणलं आणि चौथ्या मजल्यावर नेऊन एकटं ठेवलं. माझी नोकरी कोळगावला, जिल्हा मुख्यालयात. सकाळी साडेआठला निघायचं, घरी यायला सात वाजायचे. नवरा गुजरातेत एका कंपनीत, दर दुसऱ्या शनिवारी घरी. मुलगी पुण्याला शिकायला. संध्याकाळी घरात आम्ही दोघी आणि टीव्ही. आमचं भांडण कधीच नव्हतं. भांडण असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं.

खरं सांगायचं तर मीही काही फार सुखात नव्हते. मुलगी गेल्यापासून मी तिच्या खोलीचं दार उगीच लोटून ठेवत असे. रविवारी केर काढायला तेवढं उघडायचे. पण मला निदान ऑफिस होतं, येता-जाता गर्दी होती. आईंना लिफ्टमधली बाई.

त्या रात्री जेवताना मी लिफ्टचं काही बोलले नाही. नुसतं विचारलं, "आई, उद्या सिनेमाला जायचं का? मी अर्धी रजा टाकते."

आईंचा भाकरीचा घास हातातच राहिला.

"अख्खा?" त्यांनी विचारलं.

"अख्खा म्हणजे?"

"म्हणजे शेवटापर्यंत?"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतर सासऱ्यांनी त्यांना तीनदा पालघरला सिनेमा दाखवायला नेलं होतं. पण पानांच्या करंड्या गाडीवर चढवल्याशिवाय निघता यायचं नाही, त्यामुळे नेहमी संध्याकाळचाच खेळ. आणि माकुणसारला यायची शेवटची एसटी सिनेमा सुटायच्या आधी सुटायची. सासऱ्यांच्या हातात घड्याळ नव्हतं, पण एसटीची वेळ त्यांच्या पोटात होती. वेळ झाली की ते उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "चल."

"पयल्या शिणेमात," आई म्हणाल्या, "पोरीला खांबाला बांधलेली. त्या मेल्यानं काडी वडली, आणि हे म्हणतात, चल. दुसऱ्यात कोर्ट होतं. साक्षीदार बोट उचलतोय, खुनी कोण ते दाखवतोय, चल. तिसऱ्यात तर आंधळ्या पोरीच्या डोळ्याची पट्टी सोडत होता डाक्टर. अर्धी सोडली न सोडली..."

"चल," मी म्हणाले.

"चल!" आई म्हणाल्या. आणि आम्ही दोघी एकदम हसलो. त्या घरात असं दोघींचं एकत्र हसणं बहुतेक पहिल्यांदाच झालं असेल.

"मग पुढे काय झालं ते कोणाला विचारलं नाहीत?"

"कोनाला इचारू? आमच्या वाडीवर शिणेमा पायलेली मी एकटीच. बाया मलाच इचारायच्या. करंड्या भरताना मी सांगायची, आणि शेवट आला की मनातला सांगायची. आता त्यांना काय ठाव?"

मंगळवारी मी घरी आले तेव्हा आई तयार होऊन बसल्या होत्या. दिरांच्या लग्नातली मोतिया साडी, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, पायांत माझ्या मुलीचे बूट, कारण थेटरात म्हणे गारठा असतो. समोरच्या वहिनींना मी सहज विचारलं, तर त्यांनी गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत, पिशवी उचलून तशाच निघाल्या. त्या जळगावकडच्या. नवरा कारखान्यात, त्या आठवड्यात त्याची दुसरी पाळी. रात्री साडेअकरापर्यंत त्यांच्याही घरात भिंतीच.

नाक्यावर रिक्षा मिळाली. रिक्षावाला बेटेगावचा, पन्नाशीचा, पोट रिक्षाच्या हँडलला टेकलेलं. म्हणाला, "शो सुटल्यावर रिक्षा नाय भेटत तिकडं. मी थांबतो. घरी जाऊन तरी काय, बायको माहेरी गेलीय."

थिएटर तारापूर रस्त्यावरचं, जुनं, फक्त खुर्च्या नव्या. तिकिटाच्या खिडकीत चष्मेवाले एक गृहस्थ वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसलेले. मी तीन तिकिटं मागितली.

"तीनच?" त्यांनी माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "मॅडम, सहा माणसं झाल्याशिवाय आम्हाला शो लावता येत नाही. वीस मिनिटं आहेत. आलं कोणी तर बघू, नाहीतर उद्या या."

माझा चेहरा पडला. अर्धी रजा, अबोलीचा वळेसर, सगळं फुकट. मी आईंकडे वळून काहीतरी समजुतीचं बोलणार होते.

"सहाच ना?" आई खिडकीपाशी वाकून म्हणाल्या. "लग्नाला साठ मानसं गोळा केली हायत मी. तुमी मशीन तापवा."

आणि पदर खोचून त्या थेट रस्त्यावर गेल्या. आम्ही दोघी त्यांच्या मागे धावलो.

सगळ्यात आधी आमचा रिक्षावाला सापडला. तो आयताच होता. "मला?" तो म्हणाला. "मी तर झोपणार होतो."

"आत झोप," आई म्हणाल्या. "खुर्ची मऊ हाय."

तो उतरला. चार झाले.

रस्त्यावरून पाळी सुटलेले कामगार सायकलींवरून चालले होते. आईंनी दोन्ही हात पसरून एकाला अडवलं. चाळिशीचा, मिशीवाला, हँडलला टांगलेलं पिवळं हेल्मेट. त्यानं कचकन ब्रेक दाबला.

"ओ दादा, शिणेमा बगाचा का?"

त्यानं आईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मोतिया साडी, अबोली, पायात पोरीचे बूट. त्याचा चेहरा एकदम हळवा झाला. तो सायकलवरून उतरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "माताजी, घर का पता याद है? बेटे का नंबर?"

वहिनींनी तोंडात पदर कोंबला. मी पुढे होऊन त्याला सगळं समजावलं, माझ्या ऑफिसच्या हिंदीत, पण मलाच हसू आवरेना त्यामुळे निम्मं त्याला कळलंच नसावं. आई हरवलेल्या नाहीत एवढं पटल्यावर तो म्हणाला, "मराठी पिक्चर है? मेरे को पूरा समझेगा नहीं."

"मी सांगते ना," आई म्हणाल्या.

त्यानं आकाशाकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं. खोलीवर पाच जण राहतात, त्याने नंतर सांगितलं, पण पाचही जण आपापल्या मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. "चलो," तो म्हणाला. आणि माझ्या हातातल्या पाकिटाकडे बघून, "टिकट मैं अपना निकालूँगा."

पाच. वहिनींनी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं राहिली होती. आता मलाही चेव आला. आयुष्यात मी अनोळखी माणसाला कधी वेळसुद्धा विचारलेली नाही, पण मी बसथांब्यावर गेले. तिथे एक मासेवाली रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसली होती. तिकडे किनाऱ्यावरच्या गावाची बस धरणार होती.

"मावशी," मी एका दमात म्हणाले, "एक माणूस कमी पडतंय, तुम्ही आलात तर सिनेमा सुरू होईल, माझ्या सासूबाईंनी आजपर्यंत एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही."

तिनं पान थुंकलं. "एकाचाबी?"

"एकाचाही."

"अगो पन माज्या अंगाला म्हावऱ्याचा वास येतय. आत कसा बसू?"

तोवर आई मागून येऊन पोचल्या होत्या. "चल गो," त्यांनी तिची पाटी उचलली. "आमी जेवून नाय आलो. वासानंच पोट भरल."

सहा. आम्ही खिडकीवर गेलो तेव्हा चष्मेवाल्यांनी कोडं बाजूला ठेवलं, एकेकाला मोजलं, आणि पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही आत नाही नेता येणार." आईंनी नुसतं बघितलं. पाटी आत गेली.

सिनेमा लग्नघरातला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीचा हार चोरीला जातो आणि घरातल्या प्रत्येकावर संशय येतो. फार मोठा सिनेमा नव्हता, पण आम्ही सहा जण मधल्या रांगेत खेटून बसलो होतो आणि बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या, त्यामुळे कोणाची लाज नव्हती. आई मोठ्यानं बोलत होत्या. वाडीवर असल्यासारखं. "आता बघ, ही सासू खोटं रडते." "ह्या आचाऱ्याला काय येत नाय, पुरी बघ कशी लाटतोय." कामगारभाऊंना समजावं म्हणून त्या मधेमधे हिंदी करत होत्या: "ये उसका काका हाय. चांगला नाय दिसता." त्यांना बहुधा सिनेमापेक्षा आईंचं हिंदीच जास्त कळत होतं. मासेवाली तर उठून उभीच राहत होती. पडद्यावर नवरदेव लाजून बोलेना, तर ही म्हणाली, "बोल मेल्या, भरती ओसरली!" रिक्षावाला झोपायला आला होता, तो हसून हसून खुर्चीतून खाली सरकला आणि वहिनींनी त्याला बाहीला धरून वर ओढलं.

मध्यंतरात आई जागच्या हलल्या नाहीत. "तुमी जा," म्हणाल्या. "मी बसते. उठले की ते चल म्हनतील असं वाटतंय." आम्ही त्यांना तिथेच चहा आणून दिला. वहिनींनी पिशवीतून शेवेचा डबा काढला. तिखटजाळ शेव, आमच्या सगळ्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी.

उत्तरार्धात सगळे संशयित दिवाणखान्यात जमले. इन्स्पेक्टरनं टोपी काढून टेबलावर ठेवली. "चोर," तो म्हणाला, "ह्याच खोलीत आहे. आणि त्याचं नाव..."

पडदा काळा झाला. पंखे थांबले. पूर्ण अंधार.

मग अंधारातून आईंचा आवाज आला, अगदी शांत.

"हे वरून चल म्हनाले."

ते ऐकून मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी इतकी हसले की बरगड्या दुखायला लागल्या. वहिनी हसत होत्या, मासेवाली मांडीवर थापा मारत होती, कामगारभाऊ "क्या बोला, क्या बोला?" विचारत होते, आणि त्यांना सांगावं इतका श्वास कोणाकडेच नव्हता. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. अंधार होता म्हणून बरं. मुलीला पुण्याला सोडून आले त्या दिवसापासूनचं सगळं त्यात निघालं असावं. आईंचा हात माझ्या मनगटावर आला. त्यांनी मूठभर शेव माझ्या तळहातावर ठेवली.

चष्मेवाले बॅटरी घेऊन आले. बाहेर सगळं झगमगत होतं, थिएटरातलंच काहीतरी उडालं होतं. "पंधरा मिनिटं द्या. माणूस बोलावलाय." मग तेही आमच्याच रांगेत टेकले आणि म्हणाले, "तसं आता थोडंच राहिलंय. चोर तो..."

"तोंड उघडू नका!" आम्ही सहाही जण ओरडलो. बॅटरी त्यांच्या हातातून पडली.

मग अंधारात पैजा सुरू झाल्या. कामगारभाऊंची खात्री होती: "चाचा है. पक्का चाचा." मासेवाली म्हणाली, जावई. "जावई चोरच असतंय, माझा बघा." रिक्षावाल्याला इन्स्पेक्टरचाच संशय, कारण त्याला चौकात पोलिसांचा अनुभव होता. वहिनी म्हणाल्या, आचारी. नाहीतर एवढ्या वाईट पुऱ्या करणारा माणूस लग्नात आलाच कशाला?

"आई, तुम्ही सांगा," मी म्हणाले.

आईंनी पाय खुर्चीवर घेतले. मांडी घालून बसल्या. "चोरी झालीच नाय," त्या म्हणाल्या. "हार नवरीनंच लपवलाय. तिला लगीन नाय करायचं. पन बापाच्या तोंडावर बोलता येत नाय. तिला वाटलं, हार गेला तर लगीन पुढं जाईल, तवर काय तरी सुचंल. आणि हे तिच्या आजीला ठाव हाय. आजी तिच्याजवळ जाते आणि म्हनते, बाय, हार दे, मी बोलते तुज्या बापाशी. आणि मग आजी भर मांडवात उभी राहते..." आईंनी आजीचं ते भाषणही म्हणून दाखवलं. हातवारे दिसत नव्हते, पण बांगड्या वाजत होत्या. त्या भाषणात त्यांनी बापाला, नवरदेवाला, भटजीलासुद्धा सोडलं नाही. संपलं तेव्हा मासेवालीनं नाक शिंकरलं.

चष्मेवाल्यांनी खाली पडलेली बॅटरी चाचपून उचलली. "आजी," ते म्हणाले, "मी हा सिनेमा आठ वेळा बघितलाय. हा शेवट जास्त बरा आहे."

दिवे आले. पडदा उजळला. इन्स्पेक्टरनं बोट उचललं, आणि चोर काका निघाला.

"चाचा!" कामगारभाऊ दोन्ही हात वर करून उभे राहिले. "बोला था! चाचा!"

"काका?" आई चिडल्या. "काकाला काय करायचा हाय हार? इतकं बसून हेच दाखवायचं होतं?" पण नावं वर सरकायला लागली तरी त्या उठल्या नाहीत. शेवटचं नाव जाईपर्यंत, पडदा पांढरा होईपर्यंत बसल्या. मग म्हणाल्या, "झाला?"

"झाला."

"अख्खा?"

"अख्खा."

त्यांनी मुलीच्या बुटांच्या नाड्या स्वतः बांधल्या आणि राणीसारख्या बाहेर आल्या.

मासेवालीची बस अर्थातच गेली होती. रिक्षावाला म्हणाला, आधी हिला सोडू. मागे आम्ही चौघी, वर पाटी, आणि शेजारून कामगारभाऊ सायकल दामटत होते. त्यांच्या वळणापर्यंत ते आमच्या बरोबरीनं आले आणि वळताना पुन्हा ओरडले, "चाचा!" आईंनी रिक्षातून बाहेर वाकून उत्तर दिलं, "तुमचा चाचा चुकीचा हाय!" समुद्राचा खारा वारा यायला लागला तशी मासेवालीनं तिच्या तरुणपणी होड्यांवर म्हणायच्या गाण्यातलं काहीतरी धरलं. कोणाला शब्द येत नव्हते, पण रिक्षा भरून ओरडायला शब्द लागत नाहीत.

घरी येऊन आईंनी नातीला फोन लावला आणि सगळा सिनेमा सांगितला, शेवट स्वतःचाच. मुलगी पलीकडे खिदळत होती. ती म्हणाली, "आजी, तुझे ते जुने तीन सिनेमे मी शोधून देते. मोबाइलवर शेवट बघ." आईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "नको गो," म्हणाल्या. "तिकडंबी काकाच निघाला तर?"

त्यानंतर दर मंगळवारी सिनेमा झाला असं काही नाही. पुढच्या मंगळवारी आम्ही चारच जमलो आणि खेळ रद्द झाला. मग टपरीवर वडापाव खात बसलो आणि आईंनीच एक सिनेमा सांगितला, पोस्टर बघून. कधी एखादा इतका वाईट निघाला की रिक्षावाला खरंच झोपला. पण मासेवाली शुक्रवारी आमच्या इमारतीत यायला लागली, आणि आमच्याकडे येऊन चहा प्यायल्याशिवाय जाईना. वहिनी मासे खात नव्हत्या, आता मांदेली साफ करायला शिकल्यात. कामगारभाऊ गावाहून आले तेव्हा आईंसाठी सत्तू घेऊन आले. मुलीच्या खोलीचं दार आता उघडंच असतं, कारण दुपारी बायका तिथेच बसतात. तिथला पंखा चांगला आहे.

मागच्या शनिवारी माझा नवरा घरी आला. दारात चपलांचा ढीग. आत आई, वहिनी, मासेवाली, माहेरहून परत आलेली रिक्षावाल्याची बायको आणि मी. आदल्या मंगळवारच्या सिनेमातल्या नायिकेनं नवऱ्याला माफ करायला हवं होतं का, ह्यावर आमचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. तो बॅग हातात धरून उभा राहिला. कोणीतरी त्याला "या, बसा" म्हटलं, पण बसायला जागा नव्हती. थोडा वेळ त्यानं ऐकलं. मग तो स्वयंपाकघरात गेला, आणि बऱ्याच खडखडाटानंतर सहा कप चहा घेऊन आला. साखर घालायला विसरला होता. भांडणाच्या भरात कोणाच्या लक्षातही आलं नाही.